तुम्ही विचारलंत म्हणून: ज्यूंचा धर्मग्रंथ नेमका कोणता?

माझं नाव हिब्रू आणि आडनाव गावावरून पडलेलं 'कर'वालं, त्यामुळे लोकलमध्ये म्हणा, ऑफिसात म्हणा, ओळख झाली की हा प्रश्न येतोच. तुमचा ग्रंथ कोणता, बायबल, तोरा की ते तालमूद? आणि उत्तर निम्म्यावर आलं की कुणाचं तरी स्टेशन येतं. म्हणून आज सगळं एकदाच लिहिते.

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारे ज्यू, कोकणातले, अलिबाग-पेणकडचे. गावात आम्हाला शनवार तेली म्हणायचे, कारण धंदा तेलाच्या घाण्याचा आणि शनिवारी घाणा बंद. कित्येक पिढ्या आमच्या लोकांकडे पुस्तक असं काही नव्हतंच. शनिवार पाळायचा, आठव्या दिवशी मुलाची सुंता करायची, खाण्याचे काही नियम, आणि तोंडपाठ एक ओळ, जिला आम्ही शमा म्हणतो. 'ऐक इस्राएला, परमेश्वर आपला देव, परमेश्वर एक आहे.' प्रसंग कुठलाही असो, म्हणायला शमाच. मला विचाराल तर आमचे ग्रंथ समजून घ्यायला याच ओळीचं बोट धरून जावं.

ही ओळ आहे तोरात. तोरा म्हणजे मोशेचे पाच ग्रंथ, मराठी बायबलात ते उत्पत्ती, निर्गम, लेवीय, गणना आणि अनुवाद या नावांनी सापडतील, आणि शमा आहे अनुवादाच्या 6व्या अध्यायात, चौथी ओळ. लगेच पुढे सांगितलंय की हे शब्द मुलाबाळांना शिकव, घरात बसलास की बोल, वाटेने चालताना बोल, निजताना आणि उठताना बोल. सिनेगॉगमध्ये, म्हणजे आमच्या प्रार्थनामंदिरात, जी तोरा वाचतात ती छापील नसते, चामड्याच्या पत्र्यांवर हाताने लिहिलेली लांबलचक गुंडाळी असते, नुसती व्यंजनं, स्वरांच्या खुणा नाहीत, विरामचिन्हं नाहीत, वाचणाऱ्याने सगळं आधी पक्कं करून यायचं. अक्षरांना बोट लावायचं नाही म्हणून टोकाला छोटा हात असलेली चांदीची काडी वापरतात. एक अक्षर जरी गळलं किंवा तुटलं तरी दुरुस्त होईपर्यंत ती गुंडाळी वाचनाला चालत नाही. आणि शमाच्या ओळीत दोन अक्षरं मुद्दाम मोठी लिहितात, पहिल्या शब्दाचं शेवटचं आणि शेवटच्या शब्दाचं शेवटचं. जवळून बघायला मिळालं तर जरूर बघा, माझी नजर दरवेळी तिथेच जाते.

तोरानंतर संदेष्ट्यांचे ग्रंथ, मग स्तोत्रं, नीतिसूत्रं, ईयोब, रूथ वगैरे. सगळं मिळून तनाख, आमच्या मोजणीने 24 पुस्तकं. ख्रिस्ती लोकांचा जुना करार साधारण हाच, क्रम आणि मोजणी वेगळी, प्रोटेस्टंट बायबलात त्याच मजकुराची 39 होतात.

पण तोरा म्हणते निजताना बोल, म्हणजे नक्की किती वाजता? इथून पुढचा ग्रंथ सुरू होतो, अगदी शब्दशः, कारण मिश्नाचं पहिलंच वाक्य आहे, संध्याकाळी शमा कधीपासून म्हणायची. इ.स. 70 मध्ये रोमनांनी यरुशलेमचं मंदिर पाडलं, लोक पांगले, तोंडी चालत आलेले नियम हरवतील अशी धास्ती होती, ते साधारण इ.स. 200 च्या सुमारास यहुदा हनासी यांनी गालीलमध्ये संकलित केले, ती मिश्ना. आता पहिल्या प्रश्नाचं उत्तर बघा. रब्बी, म्हणजे धर्मपंडित, एलिएझर म्हणतात, रात्रीच्या पहिल्या प्रहरापर्यंत म्हणता येते. बाकीचे विद्वान म्हणतात मध्यरात्रीपर्यंत. रब्बान गामलिएल म्हणतात पहाट फुटेपर्यंत, आणि लगेच त्यांच्या घरातलीच गोष्ट येते, की मुलं मेजवानीहून उशिरा आली, म्हणाली आम्ही शमा म्हटली नाही, तर ते म्हणाले, उजाडलं नाही ना अजून, मग म्हणायलाच हवी. तिन्ही मतं नावानिशी ठेवलीत. मागे पडलेलं मत का लिहून ठेवायचं हेही मिश्नातच दुसरीकडे विचारलंय, आणि उत्तर असं की उद्याच्या एखाद्या न्यायसभेला ते मत पटलं तर तिला आधार असावा. मला आमच्या सगळ्या परंपरेत हे सर्वात मोठं वाटतं, हरलेल्याचा शब्दसुद्धा जपून ठेवायचा.

मग मिश्नावर पुढची तीन-चारशे वर्षं चर्चा झाली, ती गेमारा, आणि मिश्ना अधिक गेमारा म्हणजे तालमूद. एक यरुशलेमचा म्हणतात तो, आणि दुसरा बाबिलोनचा, म्हणजे आजच्या इराकातला, तोच जास्त अभ्यासला जातो. त्यात पहिलीच शंका काय, तर आधी संध्याकाळचं का विचारलं, सकाळचं का नाही? कारण तोरात 'निजताना' आधी आलंय, 'उठताना' नंतर, आणि सृष्टीच्या गोष्टीतही आधी संध्याकाळ झाली मग सकाळ. म्हणजे फिरून परत तोराच. छापील पानावर मधोमध हा मजकूर, एका बाजूला 11व्या शतकातल्या फ्रान्समधल्या राशी नावाच्या विद्वानांचं भाष्य, दुसऱ्या बाजूला त्यांच्या नातवंडांच्या पिढीपासून पुढच्यांनी घेतलेल्या शंका. ही मांडणी रूढ झाली व्हेनिसच्या 1520 ते 1523 च्या छपाईपासून.

आमच्या कोकणात यातलं बरंचसं उशिरा पोचलं. हनुक्का हा दिव्यांचा सण तनाखमध्ये नाही, आणि आमच्या जुन्या सणांतही तो नव्हता. पुढे एकोणिसाव्या शतकात मराठीतही पुस्तकं निघाली, 1874 ची पुण्यात छापलेली हगादा आहे, म्हणजे वल्हांडणाच्या, मिसरातून सुटकेच्या सणाच्या, रात्री वाचायचं पुस्तक, तिच्या चित्रात बायका साडी नेसून बेखमीर भाकरी करताना दिसतात.

वाचायचंच असेल तर उत्पत्ती घ्या, मग रूथ, चारच अध्याय आहेत, मग योना. मराठी बायबल कुठेही मिळतं, भाषांतर ख्रिस्ती मंडळींचं असलं तरी गोष्टी त्याच. मिश्नातलं पिर्के आवोथ, म्हणजे थोरांची बोधवचनं, त्यानंतर. तालमूद मात्र एकट्याने काढून बसू नका, तो जोडीने वाचायचा असतो, समोर कुणीतरी 'नाही पटत' म्हणणारं हवं.