मागे कोणीतरी सा लावून बसलंय

बाईंनी हेडफोन काढला, आधी तंबोऱ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "अरे, मागे कोणीतरी वेगळाच सा लावून बसलंय. माझ्यापेक्षा किंचित चढा."

सदाशिव पेठेतली जुनी इमारत, दुसरा मजला, जुलैतली संध्याकाळ, साडेसात वाजलेले. यमनचा वीस मिनिटांचा आलाप नुकताच झाला होता. मी मनात म्हटलं, वय झालंय. तोंडाने म्हटलं, "तंबोऱ्याच्या जवारीचा नाद असेल, बाई." त्या गप्प बसल्या. पण त्यांची शिष्या माझ्याकडे ज्या नजरेने बघत होती, ती अजून आठवते.

माझा धंदा ॲम्प्लिफायर दुरुस्तीचा. ट्यूबचा माइक हौसेने बनवला आणि यंदापासून त्यावर रेकॉर्डिंगचे पैसे घ्यायला लागलो. आत ईएफ८६ ही ट्यूब, म्हणजे जुन्या रेडिओत असायचा तसला काचेचा व्हॉल्व्ह आहे. जर्मन न्यूमनच्या यू६७ मध्ये १९६० साली हीच होती. घरी माइक बनवणारी मंडळी आवाज पकडणारी कॅप्सूल कुठली आणि ट्यूब कुठल्या कारखान्यातली, यावर तासन्‌तास बोलतात. वीज पुरवणाऱ्या डब्याबद्दल विचारलं की म्हणतात, "तो काय, होऊन जातो." मला मात्र माइकापेक्षा त्या डब्याचाच अभिमान होता.

डब्यातून माइकाकडे सात तारा जातात. ट्यूब आतून तापवणाऱ्या हीटरच्या दोन, ट्यूबच्या प्लेटला लागणाऱ्या दोनेकशे व्होल्टची एक, कॅप्सूलची एक, आवाजाच्या दोन आणि अर्थिंगची एक. सात पिनांचा कनेक्टर शोधत तपकीर गल्लीत अर्धा दिवस घालवला. एका दुकानदाराने "तीन पिनांचे दोन घ्या, सहा तर झाले" असा हिशेब सांगितला.

प्लेटच्या बाजूला विजेतला तरंग गाळायला १० किलोओहमचा रेझिस्टर आणि ४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर अशी जोडी, तीही दोनदा. १०० हर्ट्‌झचा तरंग एका जोडीत सुमारे ३०० पट खाली येतो, दोन जोड्यांत लाखाच्या जवळपास. डबा बंद केल्यावर कपॅसिटरमध्ये वीज राहू नये म्हणून आडवा रेझिस्टर आहे. तो नसताना बसलेला झटका एकदा खाल्लाय, पुन्हा नको. हीटरला एलएम३१७ हा व्होल्टेज स्थिर ठेवणारा रेग्युलेटर लावून गुळगुळीत डीसी. केबल पाच मीटरची, जाऊन-येऊन साधारण एक ओहम. ट्यूब ०.२ अँपिअर ओढते, म्हणजे वाटेत ०.२ व्होल्ट जाणार. म्हणून डब्याशी ६.५ ठेवले, की ट्यूबच्या पायाशी बरोबर ६.३. कोथरूडच्या माझ्या टेबलावर रात्री हेडफोन घालून ऐकायचो, तर स्वतःचा श्वास तेवढा ऐकू यायचा.

आणि बाई म्हणत होत्या की मागे कोणीतरी बसलंय.

"तंबोरा थांबव गं," त्या शिष्येला म्हणाल्या आणि मला म्हणाल्या, "आता नुसती खोली घे." पंखा आधीच बंद होता. लॅपटॉपचा चार्जर काढला, बॅटरीवर घेतला. एक मिनिट शांतता रेकॉर्ड केली, आवाज चढवला आणि ऐकली.

घूंऽऽ.

फोनवरच्या ट्यूनरवर आकडा आला २००. तंबोऱ्याची जोड, म्हणजे सा ला लावलेल्या मधल्या दोन तारा, वाजवायला सांगितली, आली १९६. बाईंची पट्टी पांढरी पाच. आपल्या विजेची फ्रीक्वेन्सी ५०, एसीचं डीसी करणाऱ्या ब्रिजमधून गेली की १००, आणि तिची दुप्पट २००. म्हणजे खरोखरच दोन सा लागले होते आणि सेकंदाला चार हेलकावे पडत होते. आवाज इतका बारीक होता की गाताना कुणाला कळू नये. बाईंना वीस मिनिटं कळत होता.

मग मी नको ते सगळं केलं. पावसाळ्यात कॅप्सूलशी असलेल्या एक गिगाओमच्या रेझिस्टरवर ओल धरते, म्हणून आधी तिच्यावर संशय घेतला. खरं तर ओलीने माइक चरचरतो, घूं करत नाही, हे मला चांगलं ठाऊक आहे. तरी माइक उघडून आत हेअर ड्रायर फिरवला. केबल उलटी लावली. अर्थिंगचा खिळा घासला. तोवर सव्वाआठ झाले आणि शिष्येने दुसऱ्यांदा चहा आणला.

शेवटी काहीच सुचेना म्हणून मीटरच्या दोन पिना भिंतीतल्या सॉकेटात घातल्या. २१२.

माझ्या टेबलावर २३६ व्होल्ट असतात. तिथेच डोक्यात लख्ख उजेड पडला, आणि पाठोपाठ पोटात गोळाही आला. एलएम३१७ला आत येणारी वीज बाहेरच्यापेक्षा पावणेदोन व्होल्ट तरी जास्त लागते, म्हणजे सव्वाआठ. माझ्या ट्रान्सफॉर्मरची हीटरची बाजू ८ व्होल्टची. २३०ला सगळं ठीक. २१२ला मात्र तरंगाचा तळ पावणेआठपर्यंत उतरतो. दर सेकंदाला शंभर वेळा रेग्युलेटरच्या पायाखालची जमीन जाते आणि त्या खाचा हीटरवर उमटतात. खाचा धारदार, म्हणून नुसते १०० नाही, २००, ३०० असा सगळा परिवार.

ट्रान्सफॉर्मर भरून देणारे काका ९ व्होल्टच घ्या म्हणत होते. दोनदा म्हणाले. मीच ८ सांगितले, रेग्युलेटर कमी तापावा म्हणून. तापण्यात फरक किती? अर्ध्या वॉटचाही नाही. काकांनी "तुमची मर्जी" म्हणून चिठ्ठीवर आठ लिहिलं. ती चिठ्ठी अजून डब्याच्या झाकणाला आतून चिकटवलेली आहे.

"लाइट कमी आहे, बाई," मी म्हटलं. माझी चूक आहे असं नाही म्हटलं.

"पेठेत संध्याकाळी ती कमीच असते," बाई म्हणाल्या. "तो फ्रीजचा डबा उगाच ठेवलाय का आम्ही चाळीस वर्षं?"

स्वयंपाकघरातून फ्रीजचा स्टॅबिलायझर आला. वर दाण्याच्या कुटाची बरणी होती, ती शिष्येने उतरवली. माझा डबा त्याला जोडला. आत रिले खट् करून पडला, सुई २३५वर गेली. पुन्हा एक मिनिट नुसती खोली घेतली. बाईंनी डोळे मिटून ऐकली.

"गेला," म्हणाल्या. मग तंबोरा मांडीवर घेत, "पण यमन आता होणार नाही आज." त्यांनी केदार गायला, बेचाळीस मिनिटं. यमनचा तो आलाप परत मिळाला नाही. मी तो अजून पुसलेला नाही. २०० वर अरुंद फिल्टर लावून बघितला, घूं जाते, पण बाईंचा सा १९६ ला, इतका जवळ की त्याचाही थोडा गाभा जातो.

दुसऱ्याच आठवड्यात ९ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर भरून घेतला. काका काही बोलले नाहीत, फक्त हसले. ते बोलले असते तर बरं वाटलं असतं. कपॅसिटर २२०० ऐवजी ४७०० मायक्रोफॅरडचा घातला. डिमरस्टॅटवर, म्हणजे व्होल्टेज हवं तसं कमी-जास्त करणाऱ्या यंत्रावर, लाइन हळूहळू उतरवत नेली. १९० पर्यंत शांत, १८५ला पुन्हा घूं. हा डिमरस्टॅट माझ्याच टेबलाखाली सहा वर्षं पडून आहे. गिऱ्हाइकाचा प्रत्येक ॲम्प्लिफायर देण्याआधी मी तो त्यावर २०० पर्यंत उतरवून बघतो. स्वतःचा डबा नाही बघितला. का, याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही. रात्रीच्या शांततेत ऐकून इतका खूश झालो होतो, एवढंच म्हणता येईल.

आता उरली एक गोष्ट. बाईंच्या आधी याच डब्यावर दोन रेकॉर्डिंगं झाली होती. त्यातलं एक बासरीचं, नारायण पेठेत, संध्याकाळी सातनंतर. फाइल देऊन तीन महिने झाले, पैसेही मिळाले. परवा ती उघडली. दोन फुंकरींच्या मधल्या जागेत कान लावला.

आहे. २००ला.

बासरीवाल्याला ते ऐकू आलेलं नाही, निदान तसं तो म्हणाला नाही. उलट "आवाजाला काय ऊब आलीय" म्हणाला होता. त्याचा नंबर दोनदा काढून ठेवला. आज पुन्हा काढलाय.