थोडेच दाबा

संगणकावरच्या खेळात कीबोर्डने गाडी चालवता येत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. चालवणारे चालवतात, शर्यतीही जिंकतात, पण त्याला गाडी चालवणे म्हणायला माझे मन धजत नाही. बाणाचे बटण दाबले की चाके पूर्ण वळतात आणि सोडले की सरळ होतात. वळण हलके असेल तर त्या बटणावर टकटक करत बसावे लागते आणि पडद्यावरची गाडी सरळ रस्त्यावरही डुलत राहते. यात खेळणाऱ्याचा दोष नाही. कीबोर्डच्या बटणाला दाबलेले आणि न दाबलेले या दोनच अवस्था ठाऊक असतात. याउलट एक्सबॉक्स या मायक्रोसॉफ्टच्या गेमच्या यंत्राबरोबर येणाऱ्या, दोन्ही हातांत धरायच्या कंट्रोलरवर तर्जनीखाली येणारा ट्रिगर किती दाबला आहे, हे संगणकाला 0 ते 255 या आकड्यांत कळते आणि अंगठ्याखालची स्टिक तर आडव्या व उभ्या दिशेने प्रत्येकी उणे 32768 पासून 32767 पर्यंतचे आकडे पाठवत असते. इतका बारीक अंगठा कोणाचाच चालत नाही, हे खरे. पण थोडेसे, आणखी थोडेसे, जरा जास्त, एवढे तरी यंत्राला सांगता येते आणि माझ्या लेखी कंट्रोलर संगणकाला जोडण्याचे खरे कारण एवढेच आहे. बाकी सारे सोयीचे.

आमच्या घरी ही गोष्ट सिद्ध झाली ती दाजींमुळे. माझा भाचा अकरावी-बारावीसाठी आमच्याकडे लातूरला असतो. या गावात शिकायला आलेल्या मुलांचा आठवडा कसा जातो, हे मराठवाड्यात कोणाला वेगळे सांगायला नको. रविवारची टेस्ट झाली की त्याला तासभर गेम खेळण्याची मुभा आहे आणि त्या तासात तो ट्रॅक्टर चालवतो. फार्मिंग सिम्युलेटर नावाचा हा खेळ जायंट्स या स्वित्झर्लंडमधील कंपनीचा आहे. त्यात नांगरट, पेरणी, फवारणी, काढणी अशी सगळी कामे करता येतात, आणि पिकांच्या यादीत सोयाबीनही आहे. औसा तालुक्यातील काळ्या रानात वाढलेल्या मुलाने बोर्डाच्या परीक्षेच्या तोंडावर पडद्यावर सोयाबीन का पेरावे, हा प्रश्न माझ्या बहिणीला अजून सुटलेला नाही.

सोयाबीन आडतीला घालून दाजी एकदा मुक्कामाला आले. मुलगा काय करतो आहे ते त्यांनी बराच वेळ उभ्यानेच पाहिले, मग खुर्ची ओढून बसले आणि हात पुढे केला. कंट्रोलर उलटासुलटा करून पाहिल्यावर त्यांचा पहिला प्रश्न होता, "ह्याला क्लच कुठंय रे?" क्लच नाही, उजव्या बोटाने पळवायचे आणि डाव्या बोटाने थांबवायचे, हे कळल्यावर त्यांनी बोट पूर्ण दाबले आणि ट्रॅक्टर सरळ कुंपणाला जाऊन भिडला. "थोडंच दाबा, बाबा," भाचा म्हणाला. त्यानंतर जे झाले ते पाहण्यासारखे होते. दाजींनी ट्रिगर अर्ध्याच्या आसपास नेला आणि तेथेच धरून ठेवला. शेताच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बोट जागचे हलले नाही, पडद्याच्या कोपऱ्यातील वेगाचा आकडा जागचा ढळला नाही आणि नांगराचे तास ओळंब्याने आखावे तसे सरळ निघाले. भाच्याला इतक्या दिवसांत ते जमले नव्हते, कारण तो मनाने अजून कीबोर्डवरच होता; बोट एक तर पूर्ण दाबायचा नाही तर पूर्ण सोडायचा. अर्ध्यावर थांबण्याची सवय दाजींच्या पायात वर्षानुवर्षे मुरलेली होती, ती फक्त बोटात उतरली. खेळाविषयी त्यांचे मत मात्र चांगले झाले नाही. "आमच्या रानात सोयाबीन इतकं सारखं कधी उभं राहतंय व्हय?" एवढे म्हणून ते जेवायला उठले.

ही थोडेसे कळण्याची सोय संगणकात नवी नाही, हे मला आवर्जून सांगावेसे वाटते. आयबीएमने 1981 साली आपला पहिला पर्सनल कॉम्प्युटर काढला, तेव्हाच त्याच्यासोबत गेम खेळण्यासाठी एक जोडकार्ड मिळत होते. त्याला 15 पिनांचे एक तोंड असे. पुढे हे तोंड साउंड कार्डावर आले आणि आमच्याकडच्या संगणक वर्गांतील यंत्रांच्या पाठीमागे स्पीकरच्या भोकांशेजारी ते कित्येक वर्षे रिकामे राहिले. त्याचा उपयोग कोणी विचारला तर सर म्हणत, "त्याला हात लावू नका." त्याची रचना मोठी गमतीची होती. जॉयस्टिकमध्ये रेडिओच्या आवाजाच्या बटणात असतो तसा कमी-जास्त होणारा रोध असे, कार्डावर वीज साठवणारा एक छोटा कपॅसिटर असे आणि तो भरायला किती वेळ लागतो हे संगणक अक्षरशः मोजत बसे. त्या वेळेवरून दांडी किती कलली आहे ते कळे. संगणक वेगवान झाले तशी ही मोजणी बिघडू लागली आणि खेळ सुरू करण्यापूर्वी दांडी चारही कोपऱ्यांत फिरवून दाखवण्याचा विधी मागे लागला. यूएसबी आल्यावर तो त्रास संपला, कारण मोजण्याचे काम कंट्रोलर स्वतः करू लागला आणि संगणकाकडे तयार आकडे येऊ लागले.

आमच्या पिढीला मात्र कंट्रोलर भेटला तो टीव्हीच्या मार्गाने. निन्टेन्डो या जपानी कंपनीच्या 1983 सालच्या फॅमिकॉम या टीव्हीला जोडायच्या गेमच्या यंत्राची नक्कल असलेली ती खोकी नव्वदच्या दशकात गावोगावी पोहोचली होती आणि त्यांच्या कॅसेटवर हजारो खेळ असल्याचा दावा छापलेला असला तरी प्रत्यक्षात तेच ते खेळ नावे बदलून पुन्हा येत असत. ज्याला आम्ही सरळ रिमोट म्हणत असू, त्या कंट्रोलरवर अधिकचिन्हाच्या आकाराचे एक बटण आणि चार-दोन गोल बटणे असत. ते अधिकचिन्ह निन्टेन्डोच्या गुनपेई योकोई यांनी 1982 साली एका हातात धरायच्या खेळासाठी तयार केले होते आणि आजच्या कंट्रोलरवरही ते डाव्या अंगठ्याच्या आसपास कायम आहे. पण तेही दाबलेले किंवा न दाबलेले, एवढेच सांगणारे. घराघरांतल्या कन्सोलवर, म्हणजे अशा टीव्हीला जोडायच्या गेमच्या यंत्रांवर, अंगठ्याने चालणारी स्टिक रुळली ती 1996 च्या निन्टेन्डो 64 मुळे आणि त्याच्या पुढच्याच वर्षी सोनीच्या ड्युअलशॉक या कंट्रोलरमध्ये दोन स्टिक व हाताला हादरा देणाऱ्या दोन मोटारी एकत्र आल्या.

कंट्रोलरची बाजू घेताना क्रिकेटचा खेळ विसरून चालणार नाही. ईए या कंपनीचा क्रिकेट 07 हा खेळ ज्या घरात नव्हता, असे संगणक असलेले घर त्या काळी शोधावे लागले असते. दोघांनी खेळायचे म्हणजे एकाच कीबोर्डवर एकाने डावीकडे व दुसऱ्याने उजवीकडे बसायचे, कोपरे एकमेकांच्या बरगडीत. भांडणे होत ती वेगळ्याच कारणाने. फलंदाजाने शॉटचे बटण दाबलेले असूनही बॅट हलायची नाही आणि मग समोरच्याने मुद्दाम काहीतरी केले असा आरोप व्हायचा. वास्तविक स्वस्त कीबोर्डमध्ये बटणे आडव्या-उभ्या तारांच्या जाळीवर बसवलेली असतात आणि तीन-चार बटणे एकदम दाबली गेली की नेमके कोणते दाबले आहे हे त्या जाळीला ठरवता येत नाही, म्हणून एखादे बटण ती सोडूनच देते. चुलतभाऊ निर्दोष होता. मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स 360 बरोबर, म्हणजे 2005 च्या सुमारास, विंडोजसाठी एक्सइनपुट नावाची जी पद्धत आणली, तिच्यात एका संगणकाला चार कंट्रोलर जोडता येतात आणि चौघांची बोटे चौघांच्या हातात राहतात.

याच एक्सइनपुटपासून दुसरी एक अडचणही सुरू झाली. विंडोज मायक्रोसॉफ्टचे आणि एक्सबॉक्सही त्यांचेच. त्यामुळे खेळ तयार करणाऱ्यांनी एक्सबॉक्सचा कंट्रोलर हाच संगणकाचा कंट्रोलर, असे जवळजवळ गृहीत धरले. आमच्या घरी आहे तो सोनीच्या प्लेस्टेशन या कन्सोलचा. कन्सोल बंद पडले, कंट्रोलर तेवढा उरला. तो विंडोजला जोडला तर विंडोज त्याला ओळखते, बटणे मोजून दाखवते, पण अनेक खेळ त्याच्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत. मग मध्ये एक प्रोग्राम बसवावा लागतो. डीएस4विंडोज हा त्यातला सर्वांच्या माहितीचा. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानावरून खेळणाऱ्यांना हीच सोय 2016 च्या अखेरीपासून तेथेच मिळते. हे प्रोग्राम प्लेस्टेशनच्या कंट्रोलरला एक्सबॉक्सचे सोंग देतात आणि दारात पोलिसाच्या वेषात उभ्या राहिलेल्या बहुरूप्याला पाहून घरातला माणूस क्षणभर दचकावा, तसा खेळ त्या सोंगाला मान देतो. पंचाईत होते ती सोंग आणि सोंगाआडचा माणूस हे दोघेही खेळाला एकाच वेळी दिसतात तेव्हा. बटण एकदा दाबावे आणि यादीतील निवड दोन घरे पुढे सरकावी, हा प्रकार ज्यांनी अनुभवला आहे त्यांना हे कळेल. अशा वेळी मूळ कंट्रोलर खेळापासून लपवून ठेवण्याची आणखी एक तजवीज करावी लागते. सोंग पुरते वठले तरी पडद्यावर सूचना येते ती ए दाबण्याची आणि हातातल्या बटणांवर असतात फुली, गोल, चौकोन आणि त्रिकोण. एक्सबॉक्सचा ए सर्वांत खाली, म्हणजे फुलीच्या जागी, हे एकदा पक्के झाले की भागते. निन्टेन्डोच्या कंट्रोलरवर मात्र ए उजवीकडे आणि बी खाली असतो, त्यामुळे तेथे पाठांतर उलटे करावे लागते. विंडोजऐवजी लिनक्स वापरणाऱ्यांचे बरे आहे. कंट्रोलर ओळखणारा, सोनीने स्वतः लिहिलेला ड्रायव्हर 2021 पासून लिनक्सच्या गाभ्यातच आहे.

कंट्रोलर जोडला आणि काहीच झाले नाही, तर सोंगाढोंगाच्या वाटेला जाण्याआधी केबल तपासावी. यूएसबीच्या साध्या केबलमध्ये चार तारा असतात, दोन विजेच्या आणि दोन माहितीच्या. मोबाईल चार्जिंगसाठी मिळणाऱ्या स्वस्त केबलांत शेवटच्या दोन तारा अनेकदा नसतातच. मग कंट्रोलरचा दिवा पेटतो, बॅटरी भरते आणि संगणकाला मात्र काही जोडले आहे याचा पत्ता नसतो. आमच्या गंजगोलाई बाजारातल्या दुकानदाराला हे पाठ आहे, केबल मागितली की तो आधी विचारतो, "चार्जिंगची का डेटाची?" आणि डेटाची म्हटल्यावर आतल्या खोक्यातून काढून देतो. ब्लूटूथने जोडायचे असेल तर प्लेस्टेशनच्या ड्युअलशॉक 4 चे शेअरचे आणि मधले पीएसचे बटण एकत्र दाबून धरले की दिवा भराभर लुकलुकू लागतो आणि संगणकाच्या यादीत त्याचे नाव येते. एक्सबॉक्सच्या कंट्रोलरला ब्लूटूथ मिळाले 2016 च्या मॉडेलपासून. त्याआधीच्यांना वेगळा रिसीव्हर लागतो.

सगळ्याच खेळांना कंट्रोलर हवा, असा माझा हट्ट नाही. नेम धरून गोळी मारायची असेल तर माऊसची सर कोणत्याही स्टिकला नाही आणि खेळ तयार करणाऱ्यांनाही ते ठाऊक आहे, म्हणूनच कंट्रोलरने खेळणाऱ्याचा नेम ते आतून थोडा सावरून घेतात. बुद्धिबळासाठी कंट्रोलर हातात घेणाऱ्याला मी काही बोलणार नाही.

थोडेसे कळणाऱ्या यंत्राला नको असलेले थोडेसेही कळते, हा त्याचा दोष. बहुतेक स्टिकखाली अजूनही जुन्या जॉयस्टिकसारखाच घासून चालणारा रोध असतो. तो झिजला किंवा त्यात धूळ गेली की अंगठा न लावताही खेळातला माणूस एका बाजूला चालू लागतो. उन्हाळ्यात खिडक्या उघड्या ठेवून झोपणाऱ्या आमच्या भागात धुळीचा तुटवडा नाही. यावरचा उपाय म्हणजे मधल्या भागातील बारीक हालचालींकडे संगणकाने दुर्लक्ष करणे. मायक्रोसॉफ्टने डाव्या स्टिकसाठी हा आकडा 7849 सुचवला आहे आणि उजव्या स्टिकसाठी 8689. म्हणजे पूर्ण पल्ल्याचा जवळजवळ चौथा हिस्सा ऐकूनही न ऐकल्यासारखा करायचा. आमच्या कंट्रोलरला आता तेवढ्यानेही भागत नाही. ट्रॅक्टर उभा केला तरी कॅमेरा हळूहळू उजवीकडे फिरत राहतो आणि भाचा अंगठ्याने तो परत आणत राहतो.

त्यामुळे नवा घ्यावा लागणार आहे. झिजणारा रोध नसलेल्या, चुंबकाच्या जोरावर चालणाऱ्या हॉल सेन्सरच्या स्टिक असलेला घ्यावा, यावर आमचे एकमत आहे. भाच्याला तो बिनतारी हवा आहे. मी केबलचाच घेणार. लाइट गेली की संगणक बंद पडतो, मग एकट्या कंट्रोलरची बॅटरी भरलेली असून उपयोग काय, हा माझा मुद्दा. आणि दाजी आले की तास आखायला तो आयत्या वेळी चार्ज नसलेला निघायचा, हा दुसरा. सोनीच्या ड्युअलसेन्स या पुढच्या कंट्रोलरचे ट्रिगर बोटाला उलटा जोर लावतात, तीही गंमत संगणकावर बहुतेक खेळांत केबल लावली तरच मिळते, हे मी भाच्याला सांगून पाहिले आहे. तो म्हणतो, "मामा, केबल पुरत नाही पलंगापर्यंत." तेव्हा आता तीन मीटरची केबल पाहायची आहे, डेटाची.