शब्दशः नोंद

यवतमाळजवळच्या एका गावात आमच्या एमए समुपदेशनाच्या मुली दर आठवड्याला जातात. आशाताई, म्हणजे गावची आरोग्य स्वयंसेविका, घरोघरी आधी सांगून ठेवते, नाहीतर सर्व्हेवाल्या आल्या म्हणून दारं लागतात.

त्या दिवशीच्या घरातली बाई तिशीतली. नवऱ्याच्या आत्महत्येला आठ महिने झालेले. कर्ज सावकाराचं, साध्या चिठ्ठीवरचं, म्हणून प्रकरण 'अपात्र'. २००६ च्या शासन निर्णयातली १ लाखाची मदत मिळायला कर्ज बँकेचं नाहीतर परवान्याच्या सावकाराचं लागतं. थकबाकीदाराला बँक दारात उभं करत नाही, हे ठाऊक असूनही शेरा मारला जातो.

माझी विद्यार्थिनी पीएचक्यू-९ ही नैराश्य तपासायची प्रश्नावली घेऊन बसली. नऊ प्रश्न, गेल्या दोन आठवड्यांबद्दल, प्रत्येकी ० ते ३ गुण. छापील मराठी इथे चालत नाही. 'निराश वाटतं का?' विचारलं की बाया 'नाई' म्हणतात. 'कामात जीव लागते का?' म्हटलं की बोलू लागतात. नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा. विचारलं तर आपणच डोक्यात घातल्यासारखं होईल, या भीतीनं मुली तो हमखास गाळतात. तसं होत नाही, हे मी वर्षभर घोटून घेते. हिनं तो सरळ विचारला आणि गप्प बसली. मला अभिमान वाटला.

बाई सुपातल्या तुरीत बोटं फिरवत राहिली. मग म्हणाली, "सातबाऱ्यावर पोराचं नाव कवा चढन, मॅडम?"

आणि मी मध्ये बोलले. वारस फेरफार, मृत्यूचा दाखला, तलाठ्याची नोटीस, हरकतीचे १५ दिवस, मंडळ अधिकाऱ्याची सही, सगळं धडाधड सांगितलं. दिरानं हरकत घेतलेली निघाली. पुढे चार वेळा तिच्याबरोबर तहसिलीत गेले. तीन महिन्यांनी नाव चढलं.

समुपदेशकानं कचेरीची पायरी चढू नये, असं विभागातले सहकारी म्हणतात. मला ते पटत नाही. जमीन हातची जाईल या धास्तीनं जिला झोप नाही, तिला नुसतं दीर्घश्वसन शिकवून घरी येणं मला जमणार नाही.

पण दुसऱ्या दिवशी विद्यार्थिनीनं जाऊन नववा प्रश्न पुन्हा विचारला, तेव्हा बाई म्हणाली, "आता नाई तसं काई." त्या 'आता'च्या आधीचं तिनं कधीच सांगितलं नाही. आशाताई लक्ष ठेवून आहे, १४४१६ हा टेलिमानसचा, सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा, नंबर बाईच्या भिंतीवर लिहून दिलाय. माझ्याशी बाई अजूनही कागदांबद्दलच बोलते.

मुलींकडून मी प्रत्येक भेटीची शब्दशः नोंद लिहून घेते आणि समासात लाल शाईनं शेरे देते. हिच्या वहीत त्या जागी एवढंच आहे: 'बाईंनी सातबाऱ्याचं विचारलं. डोळे भरले होते. अजून काही सांगणार होत्या. मॅडम बोलल्या.'

समास कोराच आहे.