४६ नंबरच्या कोर्टाबाहेर

डोंबिवलीत भाच्याचं लग्न होतं. ते दोन दिवस आहेर, जिलबी आणि लोकलची गर्दी यांत गेले. रविवारी मात्र हट्टाने मुंबई हायकोर्टाच्या हेरिटेज वॉकला गेलो. तेही नवे बूट घालून. १८७८ साली बांधून झालेल्या त्या दगडी इमारतीचे जिने माझ्या टाचा अजून विसरलेल्या नाहीत.

गटात पंधराएक जण. पहिला मुक्काम माकडापाशी. डोळ्यावर पट्टी आणि हातात तराजू असं दगडात कोरलेलं न्यायाधीश माकड! प्रत्येकाला त्याच्यासोबत फोटो हवा होता, त्यात दहा मिनिटं गेली. मग ४६ नंबरचं कोर्ट. १९०८ साली टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली ती इथे. बाहेर पाटीवर त्यांचे शब्द आहेत: ज्युरी काहीही म्हणो, मी निर्दोष आहे. वाचायला उभा राहतो न राहतो तोच "चला, पुढे चला". माकडाला दहा मिनिटं, टिळकांना दोन! मी हललो नाही.

"अहो, लोक थांबलेत," बायको म्हणाली.

"थांबू देत."

निघता निघता माहिती देणाऱ्याने एवढंच सांगितलं, की १९५६ साली ही पाटी मुख्य न्यायाधीश छागलांच्या हस्ते लागली. बस, मी तिथेच अडकलो.

आमच्या घरी छागला म्हणजे मुंदडा प्रकरण, एलआयसीचे पैसे उद्योगपती मुंदडांच्या कंपन्यांत गुंतवल्याचा घोटाळा. वडील एलआयसीत होते. १९५८ची ती चौकशी छागलांनी बंद खोलीत न करता सगळ्यांसमोर केली आणि अर्थमंत्री कृष्णम्माचारींना राजीनामा द्यावा लागला, हे वडील सणासुदीलाही सांगायचे. पण ही पाटी लावणारे तेच छागला, हे मला माहीत नव्हतं.

गंमत बघा. १९०८ साली टिळकांच्या जामिनासाठी याच हायकोर्टात बॅरिस्टर मोहम्मद अली जिना उभे राहिले आणि हरले. १९१६ साली टिळकांवर पुन्हा खटला झाला, तेव्हा जिनांनी त्यांना सोडवलं. पुढे छागला याच जिनांच्या हाताखाली वकिली शिकले आणि जिनांची वाट बदलल्यावर त्यांना सोडूनही गेले. १९४७ साली ते या कोर्टाचे मुख्य न्यायाधीश झाले, आणि नऊ वर्षांनी टिळकांना दिलेल्या शिक्षेबद्दल कोर्टाच्या वतीने जाहीर प्रायश्चित्त घेतलं. मला तर त्यांच्या हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयातल्या कामापेक्षा हे मोठं वाटतं.

हेगला ते गेले होतेच. पोर्तुगीज वसाहत असलेल्या दादरा-नगर हवेलीला भारतातून जाणाऱ्या रस्त्यावरून पोर्तुगालने भारताला तिथे खेचलं, तेव्हा भारताने नेमलेले न्यायाधीश छागलाच. सुधीर फडक्यांसारखी आपली माणसं १९५४ साली ज्या मुक्तीसाठी लढली, त्याचा पुढचा अंक तिथे झाला. निकाल १९६० साली आला. पोर्तुगालच्या फौजेला वाट मिळाली नाही.

मग वॉशिंग्टनला राजदूत, लंडनला उच्चायुक्त, दिल्लीत शिक्षणमंत्री. १९६४ साली काश्मीरवर सुरक्षा परिषदेत भारताची बाजू त्यांनीच मांडली. शेवटी परराष्ट्रमंत्री असताना १९६७ साली राजीनामा दिला. विद्यापीठांतली इंग्रजी घाईने काढून प्रादेशिक भाषा आणू नका, हा त्यांचा हट्ट. मराठी माध्यमात शिकलेल्या मला हे काही पटत नाही. पण खुर्ची मोठी असताना ती सोडली, याला दाद द्यावीच लागते.

बाहेर फोर्टात टाचेला लावायला पट्टी घेतली आणि लंगडत गाडी पकडली. जागा मिळाली, म्हणून बायकोला सगळं पुन्हा ऐकवलं. तिने शांतपणे ऐकून विचारलं, "मग एवढे मोठे न्यायाधीश होते, तर तो जुना निकालच रद्द का नाही केला? नुसती पाटी का?"

ठाणं येईपर्यंत मी बूट काढून गप्प बसलो होतो.