कुणी सोडायला लागत नाही

"गेलेलं पाणी आपोआप माघारी येतंय? कुणी सोडायलाबी लागत नाही?" शेंगा फोडता फोडता आत्याबाईंनी विचारलं.

मी दाभोळच्या खाडीतले फोटो दाखवत होते. आम्ही दोघं, शिडाची होडी आणि ओहोटीनं उघडा पडलेला चिखल. तिथं वाऱ्याच्याही आधी भरतीची वेळ बघतात. सहाएक तास पाणी चढतं, तेवढंच उतरतं. रोज पन्नासेक मिनिटं उशिरा. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या सुमारास चढउतार कमी. ओहोटीत उथळ फाट्यात शिरलं तर होडी गाळात बसते. मग चहा टाकायचा आणि थांबायचं. (यांना प्रवासातला हाच भाग सगळ्यात आवडला.)

आत्याबाईंना शिडाचं काही नव्हतं. त्या पाण्यावरच अडल्या.

आमचं लातूर. २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं ते. इथं पाणी येतं म्हणजे कुणीतरी सोडतं: नळवाला, टँकरवाला, नाहीतर धरणावरचा साहेब. वाट बघणं आम्हालाही येतं की. पण पंचांग बघून सांगता येईल असं पाणी?

"चंद्र ओढतो," मी म्हटलं. "पण खारं असतं."

"खारं? मग कशाला एवढं कौतिक!"