कापसाच्या पट्ट्यातलं मत

अमेरिकेतल्या अलाबामा राज्याच्या उत्तरेला, हंट्सव्हिलच्या डोंगराळ भागात बहुतेक गोरी वस्ती. राजधानी मॉन्टगोमेरीकडे उतरलं की अलाबामाचा 'ब्लॅक बेल्ट' लागतो. नाव पडलं काळ्या मातीवरून. कापसासाठी तिथे राबवलेल्या गुलामांचे अनेक वंशज आजही तिथेच राहतात. राज्यात कृष्णवर्णीय साधारण २७ टक्के, तरी अमेरिकी संसदेच्या सात जागांपैकी त्यांच्या बहुसंख्येचा मतदारसंघ एकच होता! २०२३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेही हे चालू दिलं नाही. मतदारसंघांच्या नव्या नकाशात दोन क्रमांकाच्या मतदारसंघातल्या अठरा वर्षांवरच्यांत कृष्णवर्णीय ४८.७ टक्के झाले, आणि २०२४ मध्ये तिथून कृष्णवर्णीय उमेदवार शोमारी फिगर्स निवडून आले.

जनगणनेच्या या 'मतदानवयाच्या' तक्त्यात नागरिकत्व बघतच नाहीत. म्हणजे ग्रीन कार्डवाला मीही त्यात आहे, 'आशियाई' रकान्यात. बायको नागरिक झालीय, त्यामुळे घरातलं मत तिचं.