दान म्हणायला जीभ रेटत नाही

गावी गेलो की पारावर कुणीतरी विचारतंच. मागच्या वेळी आबांनी विचारलं, "लातूरला सीएच्या हापिसात हिशेब लिहितोस, मग सांग बरं, तुम्ही पोरं दानधर्म करता का नुसते मोबाईलवर हात जोडता?" ऑफिसातले पक्षकारही जरा सभ्य भाषेत हेच विचारतात. आता तुम्हीही तेच विचारलंत म्हणून एकदाच सांगून टाकतो.

देतो. पण त्याला दान म्हणायला जीभ रेटत नाही. आम्ही देतो ती वर्गणी. गावात सप्ता बसला की घरटी पट्टी निघते, कुणी पायलीभर गहू देतं, कुणी 501 रुपये, आणि भोंग्यावर नाव पुकारलं जातं. त्यात कुणी कुणावर उपकार करत नाही. उलट, ज्यानं वर्गणी दिली त्याला शेवटच्या दिवशी हिशेब मागायचा हक्क असतो. भांडणंही त्यावरूनच होतात, ते सोडा.

दानाबद्दल वडिलांची एक आठवण आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, लोक गणपती बुडवून येऊन झोपले होते तेव्हा किल्लारीचा भूकंप झाला. वडील तेव्हा चौदा वर्षांचे. पुढे मदतीचे ट्रक आले. धान्य आलं, तंबू आले, आणि कपडेही आले, फाटके, बटणं तुटलेले, कुणाच्या तरी लग्नातला सूटसुद्धा. "द्यायचं म्हणून दिलेलं लगेच कळतंय," एवढंच ते म्हणतात. पण त्यांनी त्यातलाच एक सदरा दोन वर्षं घातला, हेही तेच सांगतात.

2025 च्या सप्टेंबरात भूम-परंड्याकडं पूर आला, शिवारातली मातीच खरडून गेली, तेव्हा मला हा सदरा आठवला. आमच्या ग्रुपवर पैसे भराभर जमले. किराण्याचे किट घेऊन निघणार, तेवढ्यात एकानं तिकडच्या मित्राला फोन लावला. तो म्हणाला, "बिस्किटं बास झाली. जनावरं उपाशी हायती, वैरण आणा." मग टेम्पोभर वैरण नेली. त्याचे फोटो आम्हीही टाकले, खोटं कशाला बोलू. दिवाळीनंतर मात्र त्या मित्राला कुणी फोन केला नाही. मीही नाही.

फसलोही आहे. एका लहान मुलाच्या ऑपरेशनचा मेसेज आला, खाली क्यूआर कोड. 500 रुपये टाकले आणि मग दवाखान्यात फोन केला. तो मेसेज दोन वर्षांपूर्वीचा निघाला. तेव्हापासून आधी फोन, मग पैसे. खातं संस्थेच्या नावावर आहे की माणसाच्या, हे बघतो. संस्थेचं असेल तर नोंदणी क्रमांक मागतो. लोकांना राग येतो, येऊ दे.

करसवलतीसाठी देतो, असाही एक संशय असतो. देणगीवरची वजावट जुन्या करप्रणालीत मिळते, नव्या प्रणालीत नाही. 2,000 च्या वर रोख दिली तर जुन्यातही नाही. आणि आमच्यातल्या बहुतेकांना करच लागत नाही, एवढा पगार! तो आरोप तरी आमच्यावर नको.

आमचं मुख्य काम तसं लहानच आहे. आम्ही बारा जण, महिन्याला प्रत्येकी 200. लातुरात नीटच्या, म्हणजे डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेच्या तयारीसाठी आलेली आमच्या गावाकडची एक मुलगी आहे. वडील ऊसतोडीला जातात. क्लासनं फी कमी केली, पण खानावळीचं काय? 2,400 रुपये थेट खानावळवाल्या मावशींकडं जातात. बिल त्याहून जास्त होतं. वरचे पैसे मावशी मागत नाहीत. म्हणजे आमच्यात सगळ्यात जास्त देणाऱ्या त्याच, आणि यादीत त्यांचं नावच नाही. एकदा घालू म्हटलं, तर म्हणाल्या, "नको रे बाबा, मग सगळीच पोरं उधारीला येतील."

ही मुलगी आम्हाला दादा-ताई म्हणते, पण तिला भेटायला कुणी जायचं नाही, असं पहिल्याच महिन्यात ठरलं. तिनं आमच्यासमोर मान खाली घालून उभं राहावं, हे कुणालाच नको होतं. मार्क मावशींकडून कळतात.

आबांना हे सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, "नावं कुठं लिहिता?" मोबाईलवर एक्सेलची शीट दाखवली. चष्मा लावून त्यांनी रकाने वाचले. या महिन्यात दोघांचे बाकी होते. त्यातला एक मी.